‘दिसले’ आणि ‘परतले’ : गिल्बर्ट व्हाइटच्या पत्रांतील वसंत

१

१७८१ सालच्या एप्रिलमध्ये, इंग्लंडच्या हॅम्पशर परगण्यातील सेल्बोर्न ह्या खेड्यात, काही मजूर टेकडीच्या टोकाशी असलेली झुडपे आणि त्यांच्या आसपासच्या पोकळ्या धुंडाळीत होते. हे काम त्यांना गिल्बर्ट व्हाइट (१७२०-१७९३) ह्या धर्मोपदेशकाच्या शंकेमुळे मिळाले होते. आदल्या ऑक्टोबरात हाउस मार्टिन ह्या पक्ष्यांचा, सुमारे दीडशेंचा, एक उशिराचा थवा त्याने मुद्दाम लक्ष ठेवून पाहिला होता. भिंगरीच्या कुळातला, घराच्या वळचणीला चिखलाचे घरटे लिंपणारा हा पक्षी. दिवसभर टेकडीच्या आडोशाने उडणारा तो थवा सांज होऊ लागली की घाईघाईने आग्नेयेकडे निघे आणि टेकडीच्या टोकाला असलेल्या झोपड्यांच्या वरच्या अंगाच्या झुडपांत शिरे. पुढे तो दिसेनासा झाला. ते पक्षी समुद्रापार गेले, की त्याच झुडपांत कोठेतरी हिवाळाभर निजून राहिले? निकाल लावावयाचा तर वसंतात पक्षी दिसू लागण्याआधी ती जागा तपासणे हाच उपाय होता. शोधात काही सापडले नाही. मात्र मजुरांचे काम चालू असतानाच त्या वर्षीचा पहिला मार्टिन, अनेकांच्या देखत, गावात आला, थेट एका घरट्यात शिरला, थोडा वेळ आत राहिला आणि घरांवरून उडून गेला. त्यानंतर काही दिवस एकही मार्टिन दिसला नाही. १६ एप्रिलला दिसली ती एकच जोडी.

डेन्स बॅरिंग्टनला लिहिलेल्या पत्रात हा प्रसंग आला आहे. त्यातला उपरोध आजच्या वाचकाला तत्काळ जाणवतो : ज्याला जमिनीशी शोधले जात होते तो आकाशातून आला. परंतु हा उपरोध वाचकाचा आहे. तो त्याच्यापाशी असलेल्या नंतरच्या ज्ञानातून निर्माण होतो. व्हाइटच्या दृष्टीने प्रसंगाचा अर्थ इतका सरळ असूच शकत नव्हता. बॅरिंग्टनलाच लिहिलेल्या एका आधीच्या पत्रात त्याने असा युक्तिवाद केला होता की, लवकर आलेल्या भिंगऱ्या थंडीची लाट येताच काही दिवस गुप्त होतात, ही गोष्ट स्थलांतरापेक्षा लपून राहण्याच्या कल्पनेला अधिक अनुकूल आहे. आठ-पंधरा दिवसांसाठी पक्षी उबदार प्रदेशाकडे माघारी जाईल, त्यापेक्षा जवळच्याच बिळात परत शिरेल हे अधिक संभवनीय. ह्या युक्तिवादाच्या प्रकाशात १७८१ चा तो एकटा मार्टिन पुन्हा पाहिला पाहिजे. तो आला, घरटे पाहून गेला आणि कित्येक दिवस नाहीसा झाला. म्हणजे जी घटना आज स्थलांतराची साक्ष वाटते तीच व्हाइटच्या तर्कचौकटीत विरुद्ध पक्षाचीही साक्ष होऊ शकते. हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे, इतपतच तो सुचवितो. निष्कर्ष काढीत नाही.

ही निष्कर्षहीनता हा बौद्धिक भिडस्तपणा आहे, की त्या लेखनाच्या घाटाचा घटक आहे, हा येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न आहे. ‘द नॅचरल हिस्टरी अँड अँटिक्विटीज ऑफ सेल्बोर्न’ (१७८९) हे पुस्तक दोनशेहून अधिक वर्षे वाचले जात आहे आणि बहुतांशी एकाच प्रकारे वाचले जात आहे. शांत खेडे, अविवाहित पाद्री, बागेतले कासव आणि दर वसंतात नेमाने परतणारे पक्षी अशी त्याची प्रतिमा आहे. जेम्स रसेल लॉवेल ह्या अमेरिकन कवीला तर ते नंदनवनातल्या आदमची रोजनिशी वाटले. ह्या वाचनपरंपरेत पक्ष्यांचे ‘परतणे’ गृहीत धरलेले असते, किंबहुना सगळ्या प्रतिमेचा आधारच ते असते : काळ पुढे सरकत नाही, तो फिरून तेथेच येतो. वस्तुतः व्हाइटला जे ठाऊक नव्हते, ज्यासाठी त्याने अर्धे आयुष्य नोंदी केल्या आणि जे अखेरपर्यंत पूर्णपणे त्याच्या हाती लागले नाही, ते नेमके हेच होते. त्याने पक्षी दिसलेले पाहिले. परतलेले पाहिले नाहीत. ह्या दोन क्रियापदांतले अंतर त्याने बुजू दिले नाही, आणि त्याच्या गद्याचे सत्त्व त्या अंतरात आहे.

२

‘परतणे’ ह्या क्रियापदाच्या पोटात एक संपूर्ण कथा दडलेली असते. कोणीतरी येथे होते, ते गेले, दुसरीकडे कोठेतरी राहिले, आणि आता आलेले आहे ते तेच आहे. ह्या चार विधानांपैकी निरीक्षकाच्या डोळ्यांसमोर घडते ते पहिले आणि शेवटच्याचा अर्धा भाग. जाणे बहुधा दिसत नाही, केवळ नसणे दिसते. मधला काळ तर सर्वस्वी अदृश्य असतो. आणि ‘तेच’ हा शब्द म्हणजे ओळखीचा दावा. पायात खूण नसलेल्या पक्ष्याविषयी तो करता येत नाही. कथनशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर परतीच्या कथेचा आरंभ आणि शेवट उपलब्ध असतात, मध्य निवेदकाने कल्पावा लागतो. पुराणकथा आणि लोकसमज ह्यांनी तो मध्य निरनिराळ्या प्रकारे भरला आहे. ॲरिस्टॉटलने काही भिंगऱ्या बिळांत, पिसे झडलेल्या अवस्थेत हिवाळा काढतात असे लिहिले. सोळाव्या शतकात ओलाउस मॅग्नुसने गोठलेल्या पाण्याखालून जाळ्यात भिंगऱ्या ओढणाऱ्या कोळ्यांचे चित्र दिले. लिनीअससारखा वर्गीकरणशास्त्रज्ञही भिंगऱ्या पाण्याखाली राहतात असे मानत होता. म्हणजे व्हाइटच्या काळी हा प्रश्न अडाण्यांचा भ्रम विरुद्ध विद्वानांचे ज्ञान असा नव्हता. भ्रम विद्वानांच्याच ग्रंथांत होता.

३० जून १७६९ रोजी बॅरिंग्टनला लिहिलेल्या पहिल्या पत्रात व्हाइटने उन्हाळी पाहुण्या पक्ष्यांची यादी दिली आहे. मार्चच्या मध्याला रायनेक, २३ मार्चच्या सुमारास चिफचॅफ नावाचा इवलासा वटवट्या, १३ एप्रिलला भिंगरी, एप्रिलच्या आरंभी नाइटिंगेल, मध्याला कोकिळकुळातला कुकू, असा तो क्रम आहे. पुढे, राजसभेपुढे म्हणजे रॉयल सोसायटीत वाचल्या गेलेल्या भिंगरीवरील लेखात, १३ एप्रिल ही तारीख त्याने अनेक वर्षांच्या अनुभवाच्या आधारे पुन्हा दिली आहे. वाङ्मयसमीक्षेने अशा याद्यांकडे साधारणतः दुर्लक्ष केले आहे. याद्या म्हणजे सामग्री, लेखन नव्हे, अशी त्यामागची धारणा. येथे मात्र यादी बारकाईने वाचावी लागते. तिच्या मथळ्यात व्हाइट ‘प्रवासी पक्षी’ ह्या अर्थाची त्या काळची रूढ संज्ञा वापरतो. तारखांच्या स्तंभाच्या डोक्यावर मात्र हे पक्षी साधारणपणे केव्हा ‘दिसतात’ अशा अर्थाचे शब्द आहेत. मथळा सिद्धान्त मांडतो. स्तंभ निरीक्षणापुरता राहतो. एकाच पानावर दोन भाषा आहेत, आणि दुसरी पहिलीला दुजोरा देण्याचे नाकारते.

ही केवळ परिभाषेतील सैलता म्हणून सोडून देता आली असती. परंतु पत्रांतून पुढे जाताना असे दिसते की सिद्धान्ताचे शब्द व्हाइट इतरांकडून घेतो आणि नोंदीचे शब्द स्वतःचे वापरतो. आणखी एक गोष्ट अशी की, ह्या यादीतल्या कित्येक पक्ष्यांचे ‘दिसणे’ हे प्रत्यक्षात ऐकू येणे असते. चिफचॅफ पानांत असतो. कळते ते त्याच्या दोन स्वरांच्या सततच्या ठेक्यामुळे. दिसायला जवळजवळ सारख्या असलेल्या तीन वटवट्यांच्या जाती भिन्न आहेत, हे व्हाइटने ओळखले त्यात त्यांच्या आवाजांचा वाटा मोठा होता. म्हणून यादीत तारखांबरोबर स्वरांविषयीचे शेरेही आहेत. जो पक्षी ऐकू येत नाही तो नाही, की गप्प आहे? हा प्रश्न मराठी वाचकाला अपरिचित नाही. त्याकडे पुढे वळता येईल.

३

पत्र हा ह्या पुस्तकाचा बाह्य अलंकार आहे असे मानण्याचाही एक प्रघात आहे, आणि त्याला आधारही आहे. ४४ पत्रे पेनंटला आणि ६६ बॅरिंग्टनला. पैकी पेनंटला उद्देशून असलेली पहिली नऊ पत्रे कधी टपालात पडलीच नाहीत, ती पुस्तकासाठी रचली गेली. तरीही पत्राचा घाट येथे निर्णायक आहे, कारण पत्राला वाचक असतो आणि येथे वाचक दोन आहेत. पेनंटचा कल स्थलांतराच्या बाजूने होता. बॅरिंग्टन हा न्यायाधीश. पक्ष्यांच्या नियतकालिक दिसण्या-नाहीसे होण्यावर त्याने १७७२ मध्ये निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात स्थलांतराच्या पुराव्यांची उलटतपासणी केली. एकाच प्रश्नावर परस्परविरोधी मते असलेल्या दोन माणसांना व्हाइट वर्षानुवर्षे लिहीत राहिला. ह्या दुहेरी संबोधनाने त्याच्या वाक्याला एक विशिष्ट वळण दिले आहे : विधान, मग त्याला मर्यादा घालणारे उपवाक्य, मग एखादा विरोधी दाखला. हे वळण नम्रतेचे आहे असे चरित्रकार सांगतात. चरित्राच्या दृष्टीने ते खरेही असेल. संहितेत मात्र ते दोन श्रोत्यांच्या मध्ये उभ्या असलेल्या निवेदकाचे वळण आहे.

पुराव्याची त्याला वाण नव्हती. त्याचा भाऊ जॉन जिब्राल्टरला धर्मोपदेशक होता. वसंतात आणि शरदात पक्ष्यांचे थवे सामुद्रधुनी ओलांडताना तेथे प्रत्यक्ष दिसत, आणि ही वार्ता व्हाइटने आपल्या पत्रांत वापरली आहे. म्हणजे परतीच्या कथेचा हरवलेला मध्य त्याला घरच्या माणसाच्या डोळ्यांनी अंशतः पाहता आला होता. काही पक्षी नक्कीच जातात, हे त्याने मान्य केले. सर्व जातात का? उशिराच्या विणीतली पिले जातात का? सेल्बोर्नचे मार्टिन जातात का? जिब्राल्टरला दिसलेल्या थव्यावरून सेल्बोर्नच्या थव्याविषयी अनुमान करणे तर्कदृष्ट्या सोयीचे होते. पण व्हाइटचा विषय पक्षिजात हा नव्हता. एका गावचे पक्षी हा होता. सर्वसामान्य विधानाने विशिष्टाची जबाबदारी संपते असे तो मानत नाही. त्यामुळेच सामुद्रधुनीचा पुरावा हाती असतानाही पुढे १७८१ मध्ये टेकडीवरची झुडपे तपासली गेली.

विशिष्टाचा हा आग्रह सर्वांत तीव्रतेने दिसतो तो स्विफ्टवरील १७७८ च्या पत्रात. मराठीत ज्याला पाकोळी म्हणतात त्या जातकुळीचा हा पक्षी. सेल्बोर्नमध्ये दर वर्षी स्विफ्टच्या आठच जोड्या असतात, हे व्हाइटने पुनःपुन्हा मोजून ठरविले होते. साधारण निम्म्या चर्चमध्ये, उरलेल्या गावातल्या सर्वांत ठेंगण्या, दरिद्री, गवताने शाकारलेल्या झोपड्यांत. ह्या आठ जोड्या दर वर्षी निदान आणखी आठ जोड्यांइतकी पिले वाढवितात. मग ही वाढ जाते कोठे? आणि दर वसंतात कोणत्या जोड्यांनी येऊन जुन्या जागा घ्याव्यात हे ठरते कशाने? प्रश्नाचे निर्णायक उत्तर मात्र दिलेले नाही. येथे ‘परतणे’ हा विषय एकदम बदलतो. आतापर्यंत प्रश्न होता ते कोठे जातात हा. आता प्रश्न आहे जे येत नाहीत त्यांचा. आठ हा आकडा स्थिर आहे म्हणून सेल्बोर्न चिरंतन वाटते. पण तो स्थिर आहे ह्याचाच अर्थ दर वर्षी तितकेच पक्षी कोठेतरी गळून पडतात किंवा दुसरीकडे वळतात. स्थैर्याच्या आतली ही हानी व्हाइटने आकड्यांच्या साध्या वजाबाकीतून उघड केली आहे. नंदनवनाच्या रोजनिशीत ही वजाबाकी बसत नाही.

रेमंड विल्यम्सने ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) ह्या ग्रंथात व्हाइट, जेन ऑस्टेन आणि विल्यम कॉबेट ह्यांना एकत्र आणले आहे. जवळपास एकाच भूभागात वावरलेल्या ह्या तिघांना दिसलेली खेडी तीन निराळी होती, हा त्याचा मुद्दा मार्मिक आहे. व्हाइटचे खेडे पशुपक्ष्यांचे. माणसांचे श्रम, जमिनीचे व्यवहार त्यात मागे राहतात. हा आक्षेप एकंदरीत स्वीकारावाच लागतो. तथापि दोन ठिकाणी तो अपुरा पडतो, आणि दोन्ही ठिकाणे पक्ष्यांच्या येण्याशी निगडित आहेत. स्विफ्टच्या जोड्या मोजताना व्हाइटला सर्वांत गरीब छपरांपर्यंत जावे लागते. पक्ष्याच्या निमित्ताने का होईना, चर्च आणि झोपडी एकाच हिशेबात येतात. आणि १७८१ चा पहिला मार्टिन येतो तेव्हा तो पाहणारे डोळे एकट्या पाद्र्याचे नसतात. गावातल्या अनेकांनी त्याला पाहिले, हे व्हाइट नमूद करतो. त्यांची नावे नाहीत. पण साक्षीदार म्हणून त्यांना जागा आहे, आणि अठराव्या शतकातल्या शास्त्रीय पत्रव्यवहारात मजुराच्या डोळ्यांना ही जागा सहजासहजी मिळत नसे.

४

व्हाइटच्या मृत्यूनंतर परतीच्या कथेचा मध्य हळूहळू भरत गेला. १८२२ मध्ये जर्मनीत क्ल्यूट्झ येथे एक पांढरा करकोचा मारला गेला. त्याच्या मानेत आफ्रिकी भाला रुतलेला होता. १८९९ मध्ये डेन्मार्कमधील मॉर्टेन्सन ह्या शिक्षकाने पक्ष्यांच्या पायात क्रमांकित कडी घालण्याची पद्धत सुरू केली. १९११ मध्ये इंग्लंडच्या स्टॅफर्डशरमध्ये कडे घातलेली एक भिंगरी डिसेंबर १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात सापडली. ‘दिसले’ आणि ‘परतले’ ह्यांमधील अंतर एका ॲल्युमिनियमच्या कड्याने मिटविले. प्रश्न असा की ते मिटल्यावर वसंतागमनाच्या गद्याचे काय झाले?

ह्याचे उत्तर शोधताना ॲल्डो लिओपोल्डच्या ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ (१९४९) मधील मार्च महिन्यावरील निबंधाकडे जावे लागते. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात वाळूमय, शेतीने निकस झालेली जमीन लिओपोल्डने १९३५ मध्ये घेतली. बर्फ वितळू लागताच तेथे उत्तरेकडे जाणारे कॅनडा हंस उतरत. त्यांचे येणे हाच निबंधाचा विषय. लिओपोल्डला शंका नाही. हंस कोठून येतात, कोठे जातात हे त्याला ठाऊक आहे. त्यामुळे वाक्ये ठाम आहेत, विनोदाला मोकळीक आहे, आणि महायुद्धाच्या काळात राष्ट्रांना न साधलेली एकात्मता हंसांना केव्हाच साधली होती असा राजकीय विचारही तो त्यांच्या पंखांवर चढवितो. हा भाग वाचनीय असला तरी निबंधातला सर्वांत दुबळा भाग तोच आहे. हंस तेथे दृष्टान्त होतात आणि पक्षी राहत नाहीत.

निबंधाचे बळ मोजणीत आहे. वसंतातल्या थव्यांतील हंसांची संख्या अनेक वर्षे मोजताना सहा किंवा सहाच्या पटीतले थवे योगायोगाने यावेत त्याहून जास्त आढळतात, असे लिओपोल्ड सांगतो. त्याचा अर्थ, थवे म्हणजे कुटुंबे किंवा कुटुंबांचे समूह. आणि मग एकटा ओरडत फिरणारा हंस म्हणजे हिवाळ्यातल्या शिकारीत आप्त गमावलेला हंस. हा तर्क आधी भावनेने केला होता. आकड्यांनी त्याला आधार दिल्यावर लिओपोल्ड त्या एकट्या हंसाविषयी दुःख करण्याची मुभा स्वतःला देतो. मराठी ललित निबंधात भावना आधी येते आणि निरीक्षण तिच्या सेवेला. येथे शोक करण्यासाठी हिशेब पुरा व्हावा लागला. हा मुद्दा व्हाइटच्या आठ जोड्यांच्या सरळ वारशातला आहे : जे परतले नाहीत त्यांची चौकशी. फरक असा की व्हाइटला प्रश्नापाशी थांबावे लागले आणि लिओपोल्डला उत्तर मिळाले. प्रथम वाचनात लिओपोल्ड अधिक हलवून जातो ह्यात शंका नाही. पुनर्वाचनात मात्र उत्तर मिळालेला निबंध तेथेच राहतो, आणि ‘हे कशाने ठरते?’ ह्या अर्थाचा व्हाइटचा प्रश्न वाचकाबरोबर पुस्तकाबाहेर येतो.

रेचेल कार्सनच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ (१९६२) विषयी येथे थोडक्यात बोलणे पुरे. मिशिगन राज्यातील ईस्ट लान्सिंग येथे एल्मच्या झाडांवर १९५४ पासून डीडीटी फवारले जाऊ लागले. गळलेली पाने गांडुळांनी खाल्ली, गांडुळे वसंतात आलेल्या रॉबिन पक्ष्यांनी, आणि रॉबिन मेले. ही साखळी सांगताना कार्सनला परतीची खात्री पूर्वअट म्हणून लागते. जे येणार हे ठरलेले आहे ते न राहणे, ह्यातूनच तिच्या कथनाचा धक्का निर्माण होतो. व्हाइटच्या संहितेत असा धक्का असू शकत नाही, कारण तेथे दर वसंत हा अपेक्षेपेक्षा प्रतीक्षेचा असतो. गंमत अशी की आजच्या वाचकाची स्थिती कार्सनपेक्षा व्हाइटच्या अधिक जवळ आली आहे. २०२१ मध्ये ब्रिटनमधील सर्वाधिक चिंताजनक पक्ष्यांच्या लाल यादीत स्विफ्ट आणि हाउस मार्टिन ह्या दोहोंचा समावेश झाला. व्हाइटच्या यादीतला पहिला पक्षी, रायनेक, ब्रिटनमध्ये नेमाने वीण करणारा पक्षी म्हणून उरलेला नाही. मार्ग आता ठाऊक आहेत. येणे ठाऊक नाही.

५

मराठी वाचक हे पुस्तक हाती घेतो तेव्हा एक अडचण उभी राहते, आणि ती भाषांतराची नसून भूगोलाची आहे. ज्या आठवड्यांत भिंगरी सेल्बोर्नला दिसू लागते त्याच आठवड्यांत महाराष्ट्रातल्या भिंगऱ्या जात असतात. इंग्लंडच्या भिंगऱ्या आफ्रिकेत हिवाळा काढतात आणि इथल्या उत्तरेकडून येतात, म्हणजे पक्षी तेच नव्हेत, जात तीच. पावसाळा सरताना तारांवर ओळीने बसलेल्या ह्या भिंगऱ्या, पाणवठ्याकाठचे धोबी, ज्वारीच्या शेतांवर ढगासारख्या उतरणाऱ्या पळसमैना हे सारे थंडीचे पाहुणे आहेत आणि वसंत ही त्यांची निघण्याची वेळ. पळसमैनेचे नाव ह्या दृष्टीने बोलके आहे. फाल्गुनात पळस फुलतो, त्यावर ही मैना गर्दी करते, आणि थोड्याच दिवसांत निघून जाते. फुलण्याची आणि जाण्याची वेळ तिच्या नावात एकत्र बांधली गेली आहे. वसंत म्हणजे पुनरागमन हे समीकरण उत्तर गोलार्धाच्या थंड पट्ट्यातले आहे. इंग्रजी रोमँटिक कवितेच्या परिचयानंतर ते आपल्या काव्यजाणिवेत शिरले, तेव्हा त्याला इथल्या आकाशात आधार आहे का हे क्वचितच तपासले गेले.

आधार वाटावा असा एक पक्षी मात्र होता. कोकीळ वसंतात ‘येतो’ असे म्हणण्याची वहिवाट जुनी आहे. वस्तुतः तो मुख्यतः येथेच राहणारा. थंडीत गप्प असतो म्हणून नसल्यासारखा वाटतो आणि ऊन चढू लागले की बोलू लागतो. चिफचॅफच्या बाबतीत व्हाइटपुढे असलेला प्रश्न, पक्षी नाही की गप्प आहे, आपल्याकडे कोकिळाने असा उभा केला होता. त्यावर संस्कृत काव्यशास्त्राची भूमिका पाहण्यासारखी आहे. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कविसमयांची चर्चा करताना कोकिळाचे कूजन वसंतातच वर्णावे हा नियम सांगितला आहे, आणि तो सांगताना ते अन्य ऋतूंतही असते हे त्याला मान्य आहे. म्हणजे संकेत हा अज्ञानातून आलेला नाही. जे अधिक काळ असते त्यातले एवढेच घ्यावयाचे, असा तो जाणीवपूर्वक केलेला संकोच आहे. व्हाइटचा तारखांचा स्तंभ आणि राजशेखराचा कविसमय ही दोन टोके समजली जातात. परंतु दोघांनाही असणे आणि नोंदले जाणे ह्यांतला भेद ठाऊक आहे. तो भेद विसरला जातो तो मधल्या प्रदेशात, जेथे संकेत हेच निरीक्षण म्हणून सादर केले जाते.

येथे खऱ्या अर्थाने येणारा पक्षी चातक. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या सुमारास तो दिसू लागतो आणि आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून येत असल्याचे मानले जाते. परंतु काव्याने त्याला तहानेची कथा दिली, प्रवासाची नाही. तो पावसाची वाट पाहत येथेच बसलेला असतो. प्रत्यक्षात येणाऱ्याला बसविले आणि प्रत्यक्षात बसलेल्याला आणविले, असा हा उलटा व्यवहार आहे. त्यात कवींचा दोष नाही. पक्ष्याच्या वर्षाचा अदृश्य अर्धा भाग प्रत्येक संस्कृती आपल्या गरजेप्रमाणे भरते, आणि ज्या भूमीत ऋतूची तीव्रतम प्रतीक्षा पावसाची असते तेथे चातकाने वाट पाहणे अधिक स्वाभाविक होते.

दुर्गा भागवत यांच्या ‘ऋतुचक्र’ (१९५६) ह्या पुस्तकाचे महत्त्व ह्या संदर्भात निराळे जाणवते. चैत्रापासून महिन्यांच्या क्रमाने जाणाऱ्या ह्या लेखनात ऋतूचा कणा पक्ष्यांच्या येण्याजाण्याने बनलेला नाही. झाडांनी, पानगळीने, पालवीने आणि फुलांनी बनलेला आहे. झाड कोठे जात नाही. त्याचे पालटणे निरीक्षकाच्या डोळ्यांसमोर घडते, मधला काळ कल्पावा लागत नाही, ‘तेच’ ह्या शब्दाविषयी शंका राहत नाही. त्यामुळे तेथील चक्र व्हाइटच्या वर्षापेक्षा अधिक भरीव, अधिक सलग आहे, आणि त्यात प्रश्नाला जागा कमी आहे. एकाच्या तुलनेत दुसऱ्याला उणे ठरविण्याचे कारण नाही. तरी मराठीतील निसर्गलेखनाने सलगतेचा वारसा जितका घेतला तितका खंडांचा, न दिसलेल्या दिवसांचा हिशेब ठेवण्याचा वारसा घेतला नाही, असे म्हणावे लागते. पक्षिनिरीक्षकांच्या वह्यांत तो हिशेब आहे. गद्यात तो क्वचित उतरला आहे.

सेल्बोर्नची यादी मराठीत आणावयाची झाली तर तारखांच्या स्तंभावरचे क्रियापद काय असावे? ‘येतो’ म्हटले तर स्थलांतराचा सिद्धान्त गुपचूप आत शिरतो. ‘परततो’ म्हटले तर पक्ष्याची ओळखही आपणच पटवून देतो. ‘दिसू लागतो’ हे मराठीतले जोडक्रियापद त्याला जवळचे आहे : त्यात आरंभ आहे, पाहणारा आहे, आणि पक्षी आदल्या दिवसापर्यंत कोठे होता ह्याविषयी एक अक्षरही नाही. निसर्गाच्या नोंदवहीत व्हाइटने हेच काम २६ जून १७९३ रोजी झालेल्या मृत्यूच्या थोडे आधीपर्यंत चालू ठेवले. त्या वर्षीचे पाहुणे पक्षीही त्या वहीत आलेले आहेत.